एक नांव, दोन वाड्या

आजचें माझें भाषण संगणकांतील एका विशिष्ट प्रकारच्या माहितीसंग्रहाविषयीं आहे. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे, हें मी जाणून आहें. परंतु माझ्यापुरता त्याचा आरंभ एका वाडीच्या नांवापासून झाला, आणि तें नांव कर्जत-खालापूरकडील श्रोत्यांच्या रोजच्या बोलण्यांतलें आहे; म्हणून मीहि तेथूनच प्रारंभ करतों.

माझा एक विद्यार्थी कर्जत व खालापूर ह्या दोन तालुक्यांतील आणि त्यांच्या शिवेलगतच्या वाड्यांच्या वाटा संगणकांत उतरवीत होता. कोणत्या वाडीपर्यंत मोटार जाते, कोठें नुसती पायवाट आहे, आणि ओढ्यास पूर आला म्हणजे कोणती वाट बंद पडते, एवढें त्यास नोंदावयाचें होतें. हेतु असा कीं, रात्रीं-अपरात्रीं एखाद्या वाडींत कोणी आजारी पडलें, तर दवाखान्याकडे नेण्याची बरी वाट कोणती, हें यंत्रास विचारतां यावें. काम चांगलें होतें आणि मुलगा कष्टाळू होता. एके दिवशीं सायंकाळीं तो गोंधळलेल्या मुद्रेनें माझ्याकडे आला व म्हणाला, "सर, प्रबळगडाच्या पायथ्यापासून खंडाळ्यास कसें जायचें?"

मीं त्यास सांगितलें, "अरे, आधीं चौकास ये, तेथून खोपोली गांठ, आणि मग घाट चढ."

"यंत्र म्हणतें, तसें कांहीं नको. ठाकूरवाडींत शिरलें कीं पुढें लोहमार्गच आहे."

यंत्र खोटें बोलत नव्हतें. त्यास जें सांगितलें होतें त्याला धरूनच तें बोलत होतें. प्रबळगडाच्या पायथ्याशीं, पनवेल तालुक्यांत, ठाकूरवाडी नांवाची वस्ती आहे. गडावर आणि कलावंतिणीच्या सुळक्यावर जाणारी मंडळी तेथूनच चढूं लागतात. आणि बोरघाटाच्या लोहमार्गावर पळसदरी सोडून गाडी वर चढूं लागली म्हणजे तेथेंहि एक ठाकूरवाडी लागते. दोहोंच्यामध्यें सारा डोंगराळ मुलूख पसरला आहे. यंत्रानें ह्या दोन ठाकूरवाड्या एकच मानल्या, आणि एकींतून आंत शिरून दुसरींतून बाहेर पडण्याचा असा मार्ग काढला, कीं जो पुराणांतील सिद्धपुरुषांनाच साधावा. ठाकूर समाजाची वस्ती ती ठाकूरवाडी आणि कातकऱ्यांची ती कातकरवाडी, हा तर आपल्याकडील नांवें ठेवण्याचा रिवाजच आहे. तेव्हां अशीं एकसारखीं नांवें ह्या डोंगरांत किती असतील, तें पायीं हिंडलेल्या माणसास सांगावयास नको.

आतां हा घोटाळा कशामुळें झाला, तें समजण्यासाठीं त्या संग्रहाची रचना थोडी पाहिली पाहिजे. इंग्रजींत त्यास ग्राफ डेटाबेस म्हणतात. आपण त्यास जाळें म्हणूं. कोळ्याच्या जाळ्यांत गांठी असतात आणि गांठीस गांठ जोडणारे दोरे असतात. ह्याहून तिसरें कांहीं नसतें. संगणकाच्या जाळ्यांतहि तसेंच आहे. वाडी, गांव, स्थानक, दवाखाना, मनुष्य, जें जें वेगळें म्हणून ओळखावयाचें त्याची एक गांठ, म्हणजेच नोड. आणि दोन गांठींमधील संबंधाचा एक दोरा. गांठीवर ती कोणत्या जातीची वस्तु आहे ह्याची चिठ्ठी लावतां येते, व तिच्याविषयींची माहिती तिला जोडून ठेवतां येते. दोऱ्यासहि नांव आणि माहिती देतां येते. ह्या विचाराचें शास्त्र जुनें आहे. क्योनिग्सबर्ग शहरांतील सात पूल एकेकदांच ओलांडून सबंध शहर फिरतां येईल काय, ह्या प्रश्नाचा निकाल ऑयलर नांवाच्या गणितज्ञानें १७३६ सालीं लावला, तेव्हांपासून त्याचा उगम सांगतात. पूल किती लांब आहे, शहर किती सुंदर आहे, ह्या गोष्टी त्यानें बाजूस सारल्या. कोण कोणास जोडलेलें आहे, एवढेंच पाहिलें.

परंतु क्योनिग्सबर्गपर्यंत जाण्याचें आपणांस कारण नाहीं. आपल्या पळसदरीच्या स्थानकावर उभे राहा. तेथें तीन दोरे एकत्र येतात: एक कर्जतकडून, एक केळवली, डोलवली, लौजी करीत खोपोलीस जाणारा, आणि एक घाट चढून खंडाळ्याकडे जाणारा. नेरळासहि तीनच दोरे आहेत. त्यांतील तिसरा, माथेरानचा, १९०७ पासूनचा आणि अवघ्या दोन फूट रुंदीचा आहे. कर्जतचा तिसरा दोरा चौकावरून पनवेलीस जातो. नकाशा पुसून टाकला आणि केवळ हें कोष्टक मनांत ठेवलें, तरी प्रवाशाचें काम अडत नाहीं.

इतिहासांतील एक गोष्ट तर ह्या विषयासाठींच घडून आली कीं काय असें वाटतें. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ सालीं खोपोलीपर्यंत आला. पुण्याकडील मार्ग खंडाळ्यापर्यंत १८५८ सालीं सुरू झाला. मधला घाट मात्र १८६३ सालीं खुला झाला. म्हणजे पांच वर्षें आगगाडीचें जाळें दोन तुकड्यांत होतें, आणि उतारू खोपोलीस उतरून पालखींत, तट्टावर किंवा बैलगाडींत बसून घाट चढत असे. आतां त्या काळीं कोणी यंत्रास विचारलें असतें कीं, मुंबईहून पुण्यास जातां येतें काय, तर उत्तर काय यावें? केवळ लोखंडी दोरे धरले तर "नाहीं". पालखीचा दोराहि धरला तर "होय". दोऱ्यास नांव कां द्यावें लागतें, आणि तो कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत खरा होता हेंहि त्यावर कां लिहून ठेवावें लागतें, तें ह्यावरून दिसून येईल.

कोणी म्हणेल, हें सारें साध्या कोष्टकांत भरतां येणार नाहीं काय? येईल. उभ्या-आडव्या रकान्यांच्या कोष्टकांत माहिती ठेवण्याची पद्धति कॉड ह्या शास्त्रज्ञानें १९७० सालीं शास्त्रशुद्ध करून मांडली, आणि जगांतील पेढ्या, कचेऱ्या व दुकानें आजहि बहुतांशीं तिच्यावरच चालतात. शाळेच्या फीचा हिशेब ठेवावयास जाळें विणणारा मनुष्य मला तरी शहाणा वाटत नाहीं, आणि हल्लीं ह्या जाळ्याची जी फॅशन निघाली आहे तिच्या आहारीं जाऊन पुष्कळांनीं सोपीं कामें अवघड करून ठेवलीं आहेत. परंतु प्रश्नच जेव्हां "येथून तेथें कसें जावें, आणि मधली एक वाट तुटली तर दुसरी आहे काय" असा असतो, तेव्हां कोष्टकवाल्यास दर पावलास एक कोष्टक दुसऱ्याशीं जुळवून पाहावें लागतें. जाळ्यांत तो संबंध आधींच बांधून ठेवलेला असतो. एक गांठ हातीं आली कीं तिच्या दोऱ्यांवरून पुढें सरकत जावयाचें, इतकेंच.

अशा संग्रहांपैकीं निओफोरजे नांवाचा एक प्रसिद्ध आहे. तो मूळचा स्वीडन देशांतला. त्याची पहिली पूर्ण आवृत्ति २०१० सालीं निघाली. त्याच्याशीं बोलण्याची भाषा सायफर ह्या नांवाची आहे, आणि अशा भाषांचें जागतिक प्रमाण २०२४ सालीं ठरलें. माझा विद्यार्थी आपली आज्ञावली पायथन भाषेंत लिहीत होता. पायथनमधून सायफरचें वाक्य संग्रहाकडे पाठवावयाचें आणि उत्तरादाखल गांठी परत घ्यावयाच्या, अशी ही देवघेव असते.

तीन आज्ञा येथें लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. "क्रिएट" म्हणजे नवी गांठ मार. "मॅच" म्हणजे असलेली गांठ शोध. आणि "मर्ज" म्हणजे असेल तर तीच घे, नसेल तर नवी मार. ही तिसरी आज्ञा फार सोयीची आहे. एकच यादी चुकून दोनदां भरली तरी गांठी दुणावत नाहींत. माझ्या विद्यार्थ्यानें तीच वापरली होती. "वाडी ह्या जातीची, ठाकूरवाडी ह्या नांवाची गांठ असेल तर घे, नसेल तर मार." प्रबळगडाखालची ठाकूरवाडी आधीं आली, तिची गांठ बसली. घाटांतली मागाहून आली. यंत्रानें पाहिलें, नांव तेंच आहे. आणि तिचे सारे दोरे पहिल्या गांठीस बांधून टाकले. कोठें चूक झाल्याची सूचना नाहीं कीं तक्रार नाहीं. चूक झाली होती ती सांगण्यांत. त्यापूर्वीं त्यानें नेटवर्कएक्स ह्या पायथनच्या ग्रंथालयावर हा प्रयोग केला होता; तेथें तर गांठ म्हणून जो शब्द द्यावा तोच तिची ओळख होऊन बसतो, आणि दुसऱ्यांदा तोच शब्द दिल्यास यंत्र मुकाट्यानें पहिलीच गांठ पुढें करतें.

हा दोष केवळ वाड्यांचा आहे असें समजूं नका. आपलें कर्जत रायगड जिल्ह्यांत, आणि दुसरें कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यांत. दोन्ही तालुक्याचीं ठिकाणें. घाटमाथ्यावरचा खंडाळा एक आणि सातारा जिल्ह्यांतील खंडाळा दुसरा. खालापूर तालुक्यांतील वरदविनायकाचें महड आणि सावित्रीकांठचें महाड हीं तर एकाच जिल्ह्यांत आहेत. मराठी लिपींत एका कान्यानें तीं वेगळीं राहतात. पण रोमन लिपींत दोहोंचें लेखन पुष्कळदां सारखेंच होतें. ज्यानें रोमन लिपींतील यादी घेऊन जाळें विणलें, त्याच्या जाळ्यांत विनायकाच्या दर्शनास निघालेला भाविक चवदार तळ्यावर जाऊन पोंचेल.

ह्याच्या उलट प्रकारहि घडतो, आणि तो अधिक त्रासाचा आहे, कारण तो लवकर दिसत नाहीं. एका कागदावर "खालापूर" लिहिलेलें, दुसऱ्यावर "खालापुर". वाचणारास कांहींच वाटत नाहीं; यंत्राच्या दृष्टीनें मात्र तीं दोन गांवें. अर्धे दोरे एका गांठीस, अर्धे दुसरीस, आणि जी वाट प्रत्यक्षांत सरळ आहे ती यंत्राच्या लेखीं तुटलेली. "कातकऱ्यांची" ह्या शब्दांतील र संगणकांत दोन रीतींनीं लिहितां येतो. कागदावर दोन्ही अगदीं एकसारखे उमटतात, पण यंत्र त्यांस वेगळे मानतें, आणि आधीं ते एका रूपास आणून घेतल्यावांचून ओळख पटत नाहीं.

तेव्हां नांव ही गांठीची ओळख नव्हे. तें तिच्याविषयींच्या माहितींतील एक कलम आहे. ओळखीसाठीं निराळी खूण दिली पाहिजे. महसुली गांवांची सोय आहे. २०११ च्या जनगणनेंत प्रत्येक गांवास सहा आंकडी संकेतांक दिलेला आहे. परंतु वाडी बहुधा महसुली गांव नसते. ती एखाद्या मोठ्या गांवाच्या पोटांत धरलेली असते आणि तिला स्वतःचा क्रमांक नसतो. ज्या वस्त्यांसाठीं हा सारा उद्योग चालला होता, नेमक्या त्यांनाच सरकारी कागदांत वेगळी खूण नव्हती! शेवटीं त्या मुलानें मूळ गांवाचा संकेतांक घेऊन त्यापुढें वाडीचा अनुक्रम लावला, आणि एक खूण दोन गांठींस कधींहि मिळूं नये असा निर्बंध संग्रहावरच घालून ठेवला. मग नांवें कितीहि जुळोत, गांठी जुळत नाहींत.

संग्रह आपल्या सोयीसाठीं प्रत्येक गांठीस आंतला एक क्रमांक देतो, तोच कां वापरूं नये, असें त्यानें मला विचारलें होतें. तो क्रमांक गाडींतील आसनाच्या क्रमांकासारखा आहे. उतारू उतरला कीं तेंच आसन दुसऱ्यास मिळतें. गांठ पुसली गेली तर तिचा क्रमांक पुढें भलत्याच गांठीस जाऊं शकतो. म्हणून तो आपल्या वहींत टिपून ठेवण्याजोगा नाहीं.

आणखी एका गोष्टीनें त्यास दोन दिवस छळलें. संग्रहांतून मागविलेली गांठ पायथनमध्यें हातीं येते, ती प्रत्यक्ष गांठ नसते. ती त्या क्षणाचें छायाचित्र असतें. त्यानें त्या छायाचित्रावरून एक नक्कल केली, तींत "ओढ्यावरची वाट बंद" असें लिहिलें, आणि संग्रहांतील वाट खुलीच कशी दिसते म्हणून कपाळास हात लावून बसला. छायाचित्रास मिशा काढल्यानें माणसास मिशा येत नाहींत. बदल करावयाचा तर तशी स्वतंत्र आज्ञा संग्रहाकडे गेली पाहिजे. दोऱ्यांच्या बाबतींतहि एक सावधगिरी आहे: "ही गांठ, हा दोरा, ती गांठ" असा सबंध नमुना एकदम "मर्ज" म्हणून सांगितला आणि त्यांतला केवळ दोराच नसला, तरी यंत्र साराच नमुना नव्यानें विणूं लागतें. म्हणून दोन्ही गांठी आधीं वेगवेगळ्या शोधून हातीं घ्याव्या आणि मग त्यांच्यामध्यें दोरा बांधावा.

दोऱ्यास दिशा असते. कर्जतहून पुण्याकडे चढणाऱ्या गाड्यांना जादा इंजिनें जोडावीं लागतात, उतरतांना निराळी व्यवस्था असते. एकाच मार्गाचे हे दोन दोरे मानले तर त्यांत वावगें नाहीं. वाडीवरून झोळींतून रोगी खालीं आणणें आणि धान्याचें पोतें वर नेणें, ह्यांचाहि वेळ एक नसतो.

आतां ज्या गोष्टीमुळें हें काम त्या मुलानें हातीं घेतलें, ती सांगतों. चौकाजवळ इर्शाळगड आहे. त्या गडाच्या कुशींत इर्शाळवाडी ही आदिवासींची वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं मुसळधार पावसांत तिच्यावर दरड कोसळली. सत्तावीस देह हातीं लागले; सत्तावन्न माणसें बेपत्ता राहिलीं आणि चार दिवसांनीं शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. मदतीस धांवलेलीं माणसें अंधारांत, चिखलांतून, पायीं चढून गेलीं. मोठीं यंत्रें वर नेतां आलीं नाहींत, आणि हवा वाईट असल्यामुळें विमानांचाहि उपयोग झाला नाहीं. माती फावड्या-कुदळींनीं उपसावी लागली. दरडींचें भय असलेल्या गांवांची जी यादी होती तींत ही वाडी नव्हती, असें सरकारतर्फेंच विधिमंडळांत सांगण्यांत आलें.

संगणकाचें जाळें असतें तर दरड थांबली असती, असें म्हणण्याइतका मी मूर्ख नाहीं. दरडीचें कारण पाऊस, उतार आणि माती ह्यांत असतें. परंतु यादी आणि जाळें ह्यांतला भेद मला त्या दिवसापासून निराळा दिसूं लागला. यादींत एक तर नांव असतें किंवा नसतें. आणि असलें तरी तें इतर नांवांसारखीच एक ओळ व्यापून बसतें. जाळ्यांत अशी वाडी लागलीच उठून दिसते, कारण तिला एकच दोरा असतो, तो पायवाटेचा, आणि त्यावर "पावसाळ्यांत निसरडी" असें लिहिलेलें असतें. "मोटारीच्या दोऱ्यानें जी कोठेंहि जोडलेली नाहीं अशी प्रत्येक वाडी दाखव", ही सायफरमध्यें अवघ्या दोन ओळींची आज्ञा आहे. ती आज्ञा चालविल्यावर पडद्यावर जीं नांवें एकाखालीं एक येत गेलीं, तीं मोजण्याचें धैर्य त्या सायंकाळीं आम्हां दोघांसहि झालें नाहीं. आणि त्यांत दोन ठाकूरवाड्यांची एक गांठ झालेली असती, तर मोटारीचा दोरा असलेल्या ठाकूरवाडीच्या जोरावर एखादी दुर्गम ठाकूरवाडी आपोआप "जोडलेली" ठरली असती व त्या उत्तरांतून अजिबात नाहींशी झाली असती. मर्जच्या त्या चुकीचें मला हंसूं आलें होतें. हें ध्यानांत आल्यावर तें राहिलें नाहीं.

सर्व गांठी नव्या खुणा देऊन पुन्हां बांधून झाल्या, तेव्हां तो मुलगा इर्शाळवाडीच्या गांठीपाशीं येऊन अडला. वाडी आतां तेथें नाहीं. वांचलेल्या लोकांसाठीं खालीं चौकाजवळ नवीं घरें बांधण्यांत आलीं. मग जुन्या गांठीचें काय करावें? त्यानें ती पुसण्याची आज्ञा देऊन पाहिली. यंत्रानें नकार दिला. ज्या गांठीस अजून दोरे बांधलेले आहेत ती अशी पुसतां येत नाहीं, असा त्या संग्रहाचा नियम आहे. दोऱ्यांसकट पुसावयाची असेल तर "डिटॅच डिलीट" ही वेगळी आज्ञा आहे. ती त्यानें लिहिली, आणि पाठविण्यापूर्वीं मला विचारावयास आला.

मीं त्यास खोपोलीच्या पालखीचा दोरा दाखविला. १८६३ नंतर आगगाडीच्या उतारूंस त्याची गरज उरली नाहीं, पण तो होता. तो पुसला तर त्या पांच वर्षांतले लोक पुण्यास कसे पोंचले, हें यंत्रास कधींच सांगतां येणार नाहीं. तेव्हां आम्हीं इर्शाळवाडीची गांठ ठेविली. तिच्यावर "१९ जुलै २०२३ पर्यंत" असें लिहिलें, तिच्या पायवाटेच्या दोऱ्यावरहि तीच तारीख घातली, आणि नव्या वस्तीची वेगळी गांठ तिच्या स्वतःच्या खुणेनिशीं मारली. दवाखान्याची वाट विचारणारास आतां जुनी वाडी दिसत नाहीं. २०२३ च्या पूर्वीं तेथें कोणती वाट होती, असें विचारणारास दिसते.

राहिला तो ह्या दोन गांठींना जोडणारा दोरा. त्यास नांव दिल्यावांचून संग्रह तो स्वीकारीत नाहीं. मुलानें प्रथम "पुनर्वसन" लिहिलें आणि खोडलें. मग "स्थलांतर" लिहिलें. तोहि शब्द त्यास पटेना, कारण वाडींतील सगळींच माणसें खालीं आलेलीं नाहींत. मीं दोन-तीन नांवें सुचविलीं, तीं त्यानें ऐकून घेतलीं. मीं शेवटचें पाहिलें तेव्हां दोन्ही गांठी जागच्याजागीं होत्या, आणि मधला दोरा अद्याप बांधावयाचा होता.